एक्स्टेंड मार, काम झालं

संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पाळीव प्राणी दोनच, कुत्रा आणि मांजर. दोघंही ‘अ‍ॅनिमल’ नावाच्या क्लासची लेकरं. दोघांना काम एकच, ‘मेक साउंड’. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करतं, सर हात झटकून खडूची पूड उडवतात आणि इन्हेरिटन्स शिकवून झालेला असतो. राज्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या वर्गात डोकावा. फळ्यावर वर एक चौकोन, खाली दोन चौकोन आणि मध्ये बाण. हा बाण पोराकडून बापाकडे जायला हवा. निम्मा वर्ग तो बापाकडून पोराकडे काढतो, कारण घरात शहाणपण, जुने स्वेटर आणि बोलणी सगळं वरूनच खाली येतं असा त्यांचा अनुभव असतो.

पुढे नोकरी लागते आणि उभ्या हयातीत कुणी कुत्रा बनवायला सांगत नाही. बँकेला कर्ज हवं असतं, विमा कंपनीला दावा हवा असतो, महापालिकेला घरपट्टी हवी असते. पण दुसऱ्या वर्षी डोक्यात शिरलेला कुत्रा काही बाहेर पडत नाही. दोन गोष्टी जराशा सारख्या दिसल्या, दोन्हींना नाव आहे, दोन्हींना तारीख आहे, एवढं पुरतं. इंजिनिअरचा हात आपसूक वरचा चौकोन काढायला लागतो. त्या चौकोनाचं बारसंही ठरलेलं असतं. आधी ‘बेस’ किंवा ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’, मग काहीही. स्प्रिंग नावाच्या जगप्रसिद्ध जावा फ्रेमवर्कमध्ये ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्टसिंगलटनप्रॉक्सीफॅक्टरीबीन’ असा एक क्लास खरोखर आहे. एका श्वासात हे नाव म्हणणाऱ्याचा प्राणायाम पक्का समजावा.

‘इन्हेरिटन्सचे प्रकार उदाहरणासह लिहा’ हा आमच्या वेळचा हक्काच्या मार्कांचा प्रश्न. सिंगल, मल्टिपल, मल्टिलेव्हल, हायरार्किकल, हायब्रिड. बालगुरुसामींच्या सी प्लस प्लसच्या पुस्तकावर भारतातल्या पिढ्यान्‌पिढ्या पास झाल्या. त्यातल्या हायब्रिडच्या उदाहरणात ‘स्टुडंट’पासून ‘टेस्ट’ निघते, शेजारी ‘स्पोर्ट्स’ उभा असतो आणि दोघांच्या संगमातून ‘रिझल्ट’ जन्माला येतो. सबक्लास हा बेस क्लासचा एक प्रकार असला पाहिजे, हा नियम आम्ही त्याच आठवड्यात घोकलेला असायचा. तो इथे लावून बघा. परीक्षा हा विद्यार्थ्याचा एक प्रकार आहे आणि निकाल हाही विद्यार्थ्याचाच एक प्रकार आहे. साठ जणांच्या वर्गात एकाचाही हात वर झाला नाही. पुढच्या पानांवर ‘स्पोर्ट्स’ही विद्यार्थ्यापासूनच निघतो आणि मग निकालाच्या पोटात एकाच विद्यार्थ्याच्या दोन प्रती, दोन रोल नंबर अशी पंचाईत होते. तिचं नाव डायमंड प्रॉब्लेम, उतारा ‘व्हर्च्युअल बेस क्लास’. सी प्लस प्लसमध्ये एकाहून जास्त बाप करायची सोय १९८९ साली आली. जावावाल्यांनी ती बघितली आणि आपल्या भाषेत एकच बाप ठेवला.

मुळात ही कल्पना अगदी सरळ कामातून निघाली होती. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकावर करत होते. त्यांच्यापुढे एक पूल होता, पुलावर टोलनाका आणि नाक्यावर गाड्यांची रांग. रांगेत काही ट्रक, काही बस. ट्रक वेगळा, बस वेगळी, पण रांगेत उभं राहणं दोघांचं सारखंच. मग रांगेत उभं राहण्याचा भाग एकदाच लिहावा आणि ट्रक-बसच्या आधी जोडून द्यावा, असं त्यांना सुचलं. त्यातून सिम्युला ६७ ही भाषा आली आणि पुढे २००१ सालचं ट्युरिंग पारितोषिक दोघांना मिळालं. आपल्याकडे टोलनाक्याच्या रांगेत माणसाला जे सुचतं ते छापता येत नाही, म्हणूनच बहुधा हा शोध नॉर्वेत लागला.

‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नाव ज्याने दिलं त्या अ‍ॅलन के यांनी मात्र स्मॉलटॉक भाषेच्या १९७२च्या आवृत्तीत इन्हेरिटन्स घातलाच नाही. आधी ही भानगड नीट कळू दे, मग बघू, असा त्यांचा पवित्रा होता. तो आला १९७६च्या आवृत्तीत. नीट कळेपर्यंत एखादी सोय वापरायची नाही हा संयम नंतर आमच्या धंद्यातून जो गेला तो गेलाच.

१९९४ साली चौघांनी मिळून ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक काढलं. एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस. धंद्यात या चौघांना ‘गँग ऑफ फोर’ म्हणतात. वारंवार येणाऱ्या अडचणींवरचे २३ तोडगे, प्रत्येकाला नाव, आकृती आणि धोक्याच्या सूचना. कल्पना त्यांनी ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाकडून उचलली होती. त्याने घरं, गल्ल्या, चौक यांचे २५३ तोडगे १९७७मध्येच लिहून ठेवले होते. चौघांचं पुस्तक हिंजवडीपासून खराडीपर्यंत प्रत्येक ऑफिसात एक तरी असतं. त्याची जाडी मॉनिटर डोळ्यांच्या पातळीवर आणायला अगदी माफक आहे.

ज्या थोड्यांनी ते मॉनिटरखालून काढलं ते थेट सिंगलटनच्या पानावर गेले, कारण इंटरव्ह्यूत तेच विचारतात. पहिलं प्रकरण तसंच राहिलं. त्या पहिल्याच प्रकरणात चौघांनी स्पष्ट बजावलंय की क्लासमागे क्लास काढत बसण्यापेक्षा ऑब्जेक्टच्या हाती दुसरं ऑब्जेक्ट द्या, म्हणजेच कम्पोझिशन करा. शिवाय तिथे एक तक्ता आहे. कुठला पॅटर्न मुख्यतः इन्हेरिटन्सवर चालतो आणि कुठला ऑब्जेक्टच्या जोडणीवर, याचा हिशेब. इन्हेरिटन्सच्या ओळीत २३ पैकी चारच नावं आहेत: फॅक्टरी मेथड, टेम्प्लेट मेथड, इंटरप्रिटर आणि अ‍ॅडाप्टरचा एक अवतार. बाकी सगळी मंडळी पलीकडे. (अ‍ॅडाप्टर दोन्ही ओळींत आहे. दोन्ही पक्षांत नाव असलेला कार्यकर्ता प्रत्येक ठिकाणी असतोच.) म्हणजे ‘आम्ही पॅटर्न वापरतो’ असं सांगत आम्ही जे सात-सात मजली क्लास उभे केले, त्याला ज्या ग्रंथाचा आधार दिला त्याने पहिल्याच प्रकरणात हात वर केले होते.

इंटरप्रिटर मी कुणाला हौसेने लिहिताना पाहिलेला नाही. फॅक्टरी मेथडचं गाऱ्हाणं एवढंच की तिच्यामुळे एक नवीन वस्तू बनवायला दोन क्लास लागतात, एक वस्तूचा आणि एक ती बनवणाऱ्याचा. वस्तूंची संख्या वाढली की बनवणारेही तितकेच वाढतात आणि प्रोजेक्टमध्ये कामगारांपेक्षा मुकादम जास्त होतात. खरी गंमत टेम्प्लेट मेथडमध्ये आहे.

टेम्प्लेट मेथड समजायला संगणक लागत नाही, सत्यनारायणाच्या पूजेला बसावं. क्रम गुरुजींचा. आचमन, प्राणायाम, संकल्प, गणपतीपूजन, कलश, मग पुढचं. हा क्रम यजमानाला बदलता येत नाही. कितीही भूक लागली तरी कथेआधी आरती होत नाही. मात्र संकल्पात मोकळ्या जागा आहेत. पोथीत तिथे ‘अमुक’ छापलेलं असतं, गुरुजी तिथे थांबतात, मान वर करतात आणि विचारतात, “गोत्र?” यजमान गोत्र सांगतो, नाव सांगतो, पूजा पुढे सरकते. गोत्र माहीत नसेल तर अडून बसत नाहीत, काश्यप म्हणून मोकळे होतात. यालाच आम्ही डिफॉल्ट इम्प्लिमेंटेशन म्हणतो. “काही वेगळी इच्छा असेल तर मनात म्हणा” ही रिकामी जागा तर ऐच्छिकच, भरली तरी ठीक, नाही भरली तरी ठीक. आमच्याकडे तिचं नाव हूक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यजमान गुरुजींना बोलावत बसत नाही, गुरुजीच वेळ आली की यजमानाला सांगतात, “हं, आता पळीभर पाणी सोडा.” चौघांच्या पुस्तकात याच गोष्टीला हॉलिवूडचा नियम म्हटलंय, तुम्ही फोन करू नका, गरज पडली तर आम्ही करू. त्यांचा हॉलिवूडशी संबंध होता, आपला गुरुजींशी आहे.

जावाचं एचटीटीपीसर्व्हलेट बरोब्बर असंच चालतं. ब्राउझरकडून मागणी आली की ‘सर्व्हिस’ ही मेथड ती कुठल्या प्रकारची आहे ते बघते आणि तुम्ही भरलेल्या ‘डू-गेट’ किंवा ‘डू-पोस्ट’ला हाक मारते. तुम्ही भरलंच नसेल तर बेस क्लास आपल्या वतीने ४०५ क्रमांकाचा नकार देऊन टाकतो, ही पद्धत इथे चालत नाही म्हणून. कुठली जागा मोकळी, कुठली बंद, न भरल्यास काय होणार, हे कुणीतरी बसून आधी ठरवलेलं आहे. इन्हेरिटन्स चांगला चालतो तो इथे. आमच्या ऑफिसांतले बेस क्लास मात्र कुणी ठरवून लिहिलेले नसतात, ते साचत जातात.

असा एक साचलेला क्लास मी जवळून पाहिलाय. एका बँकेचं काम होतं, नाव कशाला. व्हाइटबोर्डवर आर्किटेक्टने ‘लोन’ असा वरचा चौकोन काढला आणि आत चार पायऱ्या लिहिल्या: अर्जाची तपासणी, तारणाचं मूल्यांकन, मंजुरी, वाटप. खाली तीन चौकोन. गृहकर्जात घर तारण, वाहनकर्जात गाडी, सोनेतारणात दागिने. त्यांचं वजन करा, शुद्धता बघा, भाव लावा. प्रत्येकाने मूल्यांकनाची पायरी आपापली भरायची, बाकी क्रम वरचाच. चित्र इतकं देखणं होतं की त्याने कोपऱ्यात लाल मार्करने ‘डू नॉट इरेज’ लिहिलं. ते नंतर कुणालाच पुसता आलं नाही, कारण मार्कर परमनंट निघाला.

मग बँकेने वैयक्तिक कर्ज आणलं. त्याला तारणच नाही. पण वरच्या चौकोनात मूल्यांकनाची पायरी आहे म्हटल्यावर ती भरली पाहिजे. एकाने भरली: उत्तर शून्य. पुढच्या पायरीत कर्जाची रक्कम भागिले तारणाची किंमत असं गुणोत्तर काढायचं होतं. शून्याने भागल्यावर काय होतं ते शाळेत सांगतात, पण ऑफिसात ते महिनाअखेरीला रात्री कळतं. घाईघाईत दुसऱ्याने उपाय केला: शून्याऐवजी एक. प्रोग्रॅम चालू झाला, सगळे घरी गेले. दोन दिवसांनी शाखेतून साहेबांचा फोन.

“अहो, इथे यादीत एका बाईंच्या नावापुढे तारण एक रुपया दिसतंय.”

“हो साहेब, ते जरा टेक्निकल आहे.”

“टेक्निकल म्हणजे काय? त्यांनी रुपया आणून गहाण ठेवलाय का? आमच्या तिजोरीत तर दिसत नाही. ऑडिटरला काय दाखवू?”

उत्तर म्हणून बेस क्लासमध्ये ‘तारण आहे का’ असा एक झेंडा लावण्यात आला. झेंडा म्हणजे खऱ्या-खोट्याचं एक खूणचिठ्ठीवजा व्हेरिएबल. पाठोपाठ बचत गटाचं कर्ज आलं, त्यात कर्जदार एक नसून दहा-पंधरा बायका. ‘कर्जदार एकच आहे का’ हा दुसरा झेंडा. पीककर्ज आलं, त्याची परतफेड महिन्याच्या हप्त्याने नसते, हंगामाने असते. तिसरा झेंडा. वर्षभरात त्या क्लासवर इतके झेंडे झाले की लांबून पाहणाऱ्याला संमेलन भरलंय असं वाटावं.

कळस केला शेतीसाठीच्या सोनेतारण कर्जाने. शेतकरी सोनं ठेवतो, कर्ज शेतीच्या कामाला घेतो, व्याजाचे आणि परतफेडीचे नियम शेतीचे, तारणाचे नियम सोन्याचे. बँकांमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे, ग्राहकाला त्यात काही अवघड वाटत नाही, कॅशिअरला वाटत नाही. अवघड फक्त आम्हाला वाटलं, कारण जावात बाप एकच. हे कर्ज शेतीकर्जाचं पोर की सोनेतारणाचं? टीममध्ये दोन तट पडले. शेतीवाले म्हणाले, हेतू महत्त्वाचा. सोनेवाले म्हणाले, हेतू कोण बघतो, दागिना बघा. मीटिंगला चहा दोनदा आला. शेवटी सोनेवाल्यांची सरशी झाली आणि शेतीचे सगळे नियम तिकडून इकडे कॉपी-पेस्ट करण्यात आले. वर कॉमेंट: ‘तात्पुरतं, नंतर काढणे.’ कॉमेंट लिहिणारा पुढे कॅनडात स्थायिक झाला, कॉमेंट इथेच स्थायिक झाली. शेतीकर्जाच्या व्याजाचे नियम बदलले तेव्हा बदल एका जागी झाला, दुसऱ्या जागी राहिला.

त्या मीटिंगमध्ये नुकतीच लागलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, “पण सर, तारण ही कर्जाची जात कुठे आहे? ती कर्जाजवळची वस्तू आहे. तारण वेगळं ठेवू, परतफेडीचं वेळापत्रक वेगळं, व्याजाचा नियम वेगळा. कर्जाला ज्याला जे हवं ते जोडून देऊ. ज्याला तारण नाही, त्याला देऊच नको.” चौघांच्या पुस्तकात याला स्ट्रॅटेजी म्हणतात आणि तो त्याच २३मधला आहे. आर्किटेक्ट म्हणाला, “गुड पॉइंट, नोटेड.” आयटीत ‘नोटेड’ म्हणजे विषयाला अग्नी देऊन परत आले.

हे आमच्यासारख्या किरकोळ मंडळींचं झालं. थोरामोठ्यांकडेही तेच. खुद्द जावाच्या ग्रंथालयात ‘स्टॅक’ नावाचा क्लास पहिल्या आवृत्तीपासून आहे. स्टॅकचा धर्मच असा की वर ठेवायचं आणि वरूनच काढायचं, मधे हात घालायचा नाही. पण लिहिणाऱ्याने तो ‘व्हेक्टर’ एक्स्टेंड करून, म्हणजे त्याचं पोर म्हणून, केला. व्हेक्टरमध्ये कुठेही घुसवता येतं, म्हणून स्टॅकमध्येही येतं. रांग मोडणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिल्यासारखं ते झालं. आता अधिकृत कागदपत्रांतच लिहिलंय की स्टॅक हवा असेल तर हा स्टॅक वापरू नका, ‘डेक’ वापरा. मात्र तो काढून टाकलेला नाही. जुना आहे, जगात कुठे कुठे कुणाच्या आधाराला असेल सांगता येत नाही.

जावाच्या खिडक्या-बटणांच्या ग्रंथालयातलं, स्विंगमधलं बटण हा तर माझा आवडता नग. ‘जे-बटन’ची वंशावळ वर वर नेली की ‘जे-कम्पोनंट’ येतो आणि त्याचा बाप ‘कंटेनर’, म्हणजे इतर गोष्टी पोटात ठेवणारा. म्हणून नियमाने बटणाच्या आत बटण ठेवता येतं आणि त्याच्याही आत. कुणाला हवं होतं? कुणालाच नाही. पण वडिलांकडे होतं ना, मग मुलाकडे आलं.

डेटाबेससाठी असलेली जावाची ‘डेट’ ही साध्या ‘डेट’ची मुलगी. साध्या डेटला तास विचारता येतात. मुलीकडे तास नाहीतच, ती फक्त तारीख ठेवते. मग तिला तास विचारले तर? ती एक्सेप्शन फेकते, की हे विचारणंच गैर आहे. तिच्या भावाची, ‘टाइमस्टँप’ची कथा आणखी न्यारी. त्याच्या कागदपत्रांत स्वतः निर्मात्यांनी सावध केलंय की याला वडिलांच्या जागी धरू नका, हे नातं फक्त कोड वापरण्यापुरतं आहे. माणसांत अशी नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वकिलाच्या नावाने छापतात.

मुलाला वडिलांच्या जागी बिनघोर उभं करता आलं पाहिजे ही अट बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७च्या एका भाषणात मांडली आणि १९९४मध्ये जॅनेट विंग यांच्याबरोबर गणिती नेमकेपणाने लिहून काढली. तिचा पहिला बळी चौरस. सातवीच्या बाईंनी शिकवलेलं असतं की प्रत्येक चौरस हा आयत असतो. ते पाठ करून आपण ‘स्क्वेअर’ला ‘रेक्टँगल’चं पोर करतो. आयताला सांगितलं, रुंदी ५ कर, उंची ४ कर. क्षेत्रफळ २०. त्याच्या जागी चौरस उभा केला. त्याने रुंदी ५ करताना उंचीही ५ केली, मग उंची ४ करताना रुंदीही ४ केली, आणि क्षेत्रफळ दिलं १६. चौरसाने प्रामाणिकपणे चौरसाचा धर्म पाळला. बाईही बरोबर होत्या, फक्त त्यांचा चौरस वहीत काढल्यावर पुन्हा हलत नव्हता.

जोशुआ ब्लॉक यांचा ‘इफेक्टिव्ह जावा’मधला दाखला याहून चिवट. हॅशसेट एक्स्टेंड करायचा आणि आजवर किती वस्तू टाकल्या ते मोजायचं. ‘अ‍ॅड’ ओव्हरराइड केला, एक मोजला. ‘अ‍ॅड-ऑल’ ओव्हरराइड केला, येतील तितके मोजले. तीन वस्तू एकदम टाकल्या. मोजणी आली सहा. कारण वडिलांचा ‘अ‍ॅड-ऑल’ आतून प्रत्येक वस्तूसाठी ‘अ‍ॅड’लाच हाक मारतो, आणि ती हाक ऐकायला आता मुलगा उभा असतो. वडील आत काय करतात हे त्यांनी कुठे वचन म्हणून लिहून दिलेलं नाही, उद्या ते पद्धत बदलतील, आणि त्या दिवशी मुलाची दुरुस्त केलेली मोजणी पुन्हा चुकेल. म्हणून ब्लॉक यांचा सल्ला आहे की एक्स्टेंड होण्यासाठी क्लास विचारपूर्वक बांधा, आतलं वागणं लिहून द्या, नाहीतर एक्स्टेंड करायला सरळ बंदी घाला. कोटलिन भाषेने तो अंमलातच आणला. तिथे तुम्ही ‘ओपन’ म्हटल्याशिवाय क्लासला पोर होत नाही.

आमच्याकडच्या कोड रिव्ह्यूत मात्र बंदीचा ‘फायनल’ दिसला की पहिली प्रतिक्रिया तो काढण्याची. “अरे, हे फायनल का केलंस? उद्या कुणाला एक्स्टेंड करायचं असलं तर?” हा ‘उद्या’ फार लाडका. त्या येणाऱ्या, न पाहिलेल्या उद्यासाठी आम्ही आजच सगळी दारं उघडी टाकून झोपतो.

आणि ‘सुपर’. मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे वडिलांच्या मेथडच्या जागी आपली लिहिली, की बऱ्याचदा ‘सुपर’ म्हणून आधी वडिलांचीही बोलवायची असते. ते विसरलं तर वडिलांनी करायचं ते काम होतच नाही, आणि कुणाला पत्ता लागत नाही. चौघांनी टेम्प्लेट मेथडची शिफारस केली त्यामागे हीसुद्धा चिंता होती. मुलगा विसरू शकतो, म्हणून क्रम वडिलांनी आपल्या हातात ठेवावा. अँड्रॉइडने मुलाच्या स्मरणशक्तीवर भरवसाच ठेवला नाही. तिथे स्क्रीनची ‘ऑन-क्रिएट’ लिहिताना ‘सुपर’ला बोलावलं नाही की अ‍ॅप जागच्या जागी कोसळतं आणि ‘सुपरनॉटकॉल्डएक्सेप्शन’ असं नाव लावून सांगतं. मला हा एक्सेप्शन मनापासून आवडतो. उगाच गूढ बोलत नाही.

गो आणि रस्ट या भाषांनी क्लासचा इन्हेरिटन्स ठेवलेलाच नाही. चांगली सुटसुटीत कामं होतात त्यांत. आमच्या एका प्रोजेक्टने मोठ्या उत्साहाने जावातून गोमध्ये स्थलांतर केलं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी इंटरनेटवर एकच प्रश्न शोधला: गोमध्ये इन्हेरिटन्स कसा करायचा? दुसऱ्या आठवड्यात कुणालातरी एम्बेडिंग सापडलं, म्हणजे एकाच्या पोटात दुसऱ्याला ठेवायची सोय. तिसऱ्या आठवड्यात ‘बेससर्व्हिस’ जन्माला आला, आणि महिना संपायच्या आत त्यात ईमेल पाठवणं, आकडा अक्षरी लिहिणं, जीएसटी काढणं आणि लॉगिन तपासणं ही सगळी मंडळी राहायला आली.

इंटरव्ह्यू घेताना मी अजूनही तो प्रश्न विचारतो, कारण उत्तर ऐकायला बरं वाटतं. कम्पोझिशन की इन्हेरिटन्स? परवाच्या मुलाने तर कमाल केली. गँग ऑफ फोर सांगितले, लिस्कोव्ह सांगितल्या, चौरस-आयत पेनाने काढून दाखवला, बाणही योग्य दिशेने काढला. आम्ही त्याला तिथल्या तिथे घेतला. रुजू झाल्यावर पहिलं काम दिलं, कर्जाच्या मॉड्यूलमध्ये शैक्षणिक कर्जाची भर घालायची. संध्याकाळी साडेपाचला त्याचा मेसेज आला की झालं, रिव्ह्यूला टाकलंय.

मी त्याच्या जागेवर गेलो. “इतक्या लवकर?”

“हो सर. सोपं होतं.”

“केलंस काय नेमकं?”

“वाहनकर्ज एक्स्टेंड केलं,” तो म्हणाला. “फक्त गाडीच्या रकान्यात कॉलेजचं नाव टाकलंय. आरसी नंबर कम्पलसरी होता, तिथे रोल नंबर.”